ओळ २, कॉलम ४८२१३

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभं राहिलं की पुस्तकं दिसतात: क्रमिक, मार्गदर्शकं, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड संच, मधूनच एखादी कादंबरी. पुस्तक ज्या फाइलीतून निघालं ती फाइल मात्र दुकानात कुणाला दिसत नाही. बुधवार पेठेच्या या चौकात पुस्तक पोचण्याआधी लेखकाचं हस्तलिखित बहुधा वर्डच्या फाइलीतून आलेलं असतं, पानं लावणाऱ्याने ते इनडिझाइनमध्ये घेतलेलं असतं आणि ई-पुस्तक काढायचं असेल तर शेवटी ईपब तयार होतो. वर्डची डॉक्स, इनडिझाइनची आयडीएमएल आणि ईपब या तिन्हींच्या पोटात एकच रचना आहे: झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फाइली. आत काही बिघडलं की वर्ड फाइल उघडायला नकार देतं आणि सांगतं, भाग: वर्ड/डॉक्युमेंट.एक्सएमएल, ओळ २, कॉलम ४८२१३.

अक्षरजुळणी करणाऱ्याने हे वाचून नेमकं कुठे बघायचं? प्रूफ तपासणारा ‘पान ४७, खालून तिसरी ओळ’ असं सांगतो आणि दुसऱ्याला ती जागा लगेच सापडते. वर्डने सांगितलेली जागाही खरी असते, पण ज्याला दुरुस्ती करायची आहे त्याच्या ती उपयोगाची नसते. वर्ड आपली मुख्य एक्सएमएल फाइल लिहितं तेव्हा पहिल्या ओळीत फक्त घोषणा असते; अख्खं पुस्तक दुसऱ्या ओळीत. तीनशे पानांच्या कादंबरीतली प्रत्येक चूक ‘ओळ २’मध्येच असते.

यातून जो प्रश्न उभा राहतो त्याचा हा आढावा आहे. एखादा प्रोग्रॅम एक्सएमएल वाचून त्याचं झाड उभं करतो, त्या झाडातला प्रत्येक नोड (टॅग किंवा मजकुराचा तुकडा) मूळ फाइलीत कुठून आला हे तो सांगू शकतो का? आणि मजकूर मराठी असेल तर ते सांगणं किती विश्वासाचं?

एक्सएमएल १.० ही शिफारस डब्ल्यू३सीने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मे महिन्यात डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने सॅक्स ही एक्सएमएल वाचण्याची रीत आली, आणि ऑक्टोबरमध्ये झाड उभं करणाऱ्या डॉमची पहिली पातळी. या दोघांनी जागेच्या प्रश्नाला अगदी उलट उत्तरं दिली आणि आजच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. सॅक्समध्ये पार्सर फाइल वाचत पुढे जातो आणि टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला अशा घटना आपल्याला कळवत जातो. वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक असतंच, म्हणून सॅक्सने पहिल्यापासून ‘लोकेटर’ ठेवला. त्याला ओळ आणि कॉलम विचारता येतात. डॉमने झाड दिलं, पण झाडाच्या पानांवर मूळ जागेची नोंद ठेवली नाही.

डॉमची बाजू समजून घ्यायला हवी. ते ब्राउझरमधल्या पानांसाठी घडलं. तिथे स्क्रिप्ट नोड तयार करते, हलवते, पुसते. स्मृतीत जन्मलेल्या नोडला फाइलीतली जागा कुठून असणार? तरीही माझ्या मते ही चूकच होती. फाइलीतून आलेल्या नोडसाठी जागेचा एक रकाना ठेवता आला असता, बाकीच्यांसाठी तो रिकामा राहिला असता. २००४च्या तिसऱ्या पातळीत डॉमने चुका सांगणाऱ्या संदेशांसाठी लोकेटर आणला आणि नोडला आपली माहिती चिकटवायची सोय दिली. त्यामुळे जावामध्ये आज रूढ असलेली युक्ती अशी: सॅक्सने वाचायचं, स्वतःच डॉमचं झाड बांधायचं, आणि बांधताना प्रत्येक नोडला लोकेटरची त्या क्षणाची ओळ चिकटवायची. काम होतं, पण ज्याला त्याला ते स्वतः लिहावं लागतं.

या युक्तीत दोन खड्डे आहेत. पहिला असा की लोकेटर ही एकच वस्तू असते आणि पार्सर तिच्यातले आकडे बदलत राहतो. आकडे उतरवून न घेता लोकेटरच नोडशी बांधून ठेवला, तर शेवटी सगळे नोड एकच जागा सांगतात: वाचन थांबलं ती. दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. सॅक्सचा लोकेटर घटना जिथे संपली तिथली जागा सांगतो. टॅग सुरू झाल्याची खबर मिळते तेव्हा पार्सर त्या टॅगचा शेवटचा कंस ओलांडून पुढे गेलेला असतो. टॅग चार ओळींत पसरलेला असेल, लांबलचक गुणधर्मांचा असेल, तर सांगितलेली ओळ चौथी असते. सॅक्सच्या कागदपत्रांत हे आकडे निदानापुरते, अंदाजे आहेत असं स्पष्ट म्हटलं आहे. ई-पुस्तकं तपासणारं ईपबचेक कंसात ओळ आणि कॉलम देतं. तेही जावात, याच परंपरेत घडलेलं आहे. त्याने दाखवलेल्या जागी नुसतं समोर न पाहता थोडं मागेही पाहायचं असतं, हे कळलं की बराच वेळ वाचतो.

जेम्स क्लार्क यांनी लिहिलेला एक्सपॅट हा पार्सर या बाबतीत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. तो घटनेच्या सुरुवातीची जागा देतो, ती ओळ आणि कॉलमबरोबर बाइटच्या क्रमांकातही देतो, आणि घटना किती बाइटांची होती तेही सांगतो. म्हणजे सुरुवात कळते, लांबी कळते, त्यावरून शेवट काढता येतो. पायथनमध्ये एक्सपॅट थेट वापरता येतो. पण पायथनचे बहुतेक लोक त्यावर उभं असलेलं एलिमेंटट्री वापरतात आणि त्याच्या नोडवर ओळीचा मागमूस नसतो. खाली माहिती आहे, वर येताना ती गळते. मग कुणी एलिमेंटट्रीच्या आतल्या, नावापुढे अधोरेषा असलेल्या फंक्शनांना हात घालून ओळ चिकटवतो; सीमध्ये लिहिलेली जलद आवृत्ती चालू असली की तेही जमत नाही. माझा सल्ला सरळ आहे: एक्सपॅटच्या तीन-चार घटना पकडून आपलं छोटंसं झाड स्वतः बांधावं. शे-दीडशे ओळींचं काम आहे.

पायथनमध्येच एलएक्सएमएल वापरणाऱ्यांना ‘सोर्सलाइन’ आयती मिळते. तिच्या खाली लिबएक्सएमएल२ आहे, आणि त्याने नोडमागे ओळीसाठी फक्त दोन बाइट राखले. दोन बाइटांत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा ६५५३५. त्यापुढच्या ओळींसाठी नंतर वेगळा पर्याय जोडला गेला, तो चालू नसेल तर पुढचा प्रत्येक नोड ६५५३५ हीच ओळ सांगतो. मराठी विकिपीडियाचा साठा एक्सएमएलमध्ये मिळतो. त्याच्या ओळी लाखांत जातात. पाच-सहा वेगवेगळ्या चुका एकाच ओळीवर दिसल्या की फाइलीला दोष देण्याआधी हा आकडा आठवावा. कॉलम तर लिबएक्सएमएल२ नोडवर ठेवतच नाही. मग ‘ओळ २’वाल्या वर्डच्या फाइलीसमोर ही सोय निरुपयोगी ठरते.

बाकीच्यांकडे भराभर पाहू. डॉटनेटमध्ये एक्सडॉक्युमेंट उघडताना ओळींची माहिती ठेव असं आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती मिळत नाही. जावाच्या स्टॅक्समध्ये ओळ आणि कॉलमबरोबर अक्षरांचा क्रमांकही आहे. पीएचपी आणि रूबीचं नोकोगिरी नोडची ओळ देतात. गोमध्ये नुकत्याच वाचलेल्या तुकड्याचा शेवट बाइटमध्ये मिळतो, म्हणून सुरुवात हवी असेल तर तुकडा वाचण्याआधी आकडा टिपून ठेवायचा. रस्टचं रॉक्सएमएलट्री प्रत्येक नोडची सुरुवात आणि शेवट बाइटमध्ये ठेवतं आणि विचारलं तर ओळ-कॉलम काढून देतं. नव्या प्रोग्रॅम-लायब्ररींपैकी हीच मांडणी मला योग्य वाटते.

आता प्रश्न मराठीचा. एक्सएमएलमध्ये टॅगचं नावही देवनागरीत चालतं. समजा फाइलीची पहिलीच ओळ <पान क्र="७"> अशी आहे. हा टॅग कोणत्या कॉलमवर आहे? एक्सपॅट म्हणेल ०, कारण तो शून्यापासून मोजतो आणि सुरुवात सांगतो. डॉटनेट म्हणेल २, कारण ते एकपासून मोजतं आणि कंस सोडून नावावर बोट ठेवतं. जावाचं सॅक्स म्हणेल १४, कारण टॅगमध्ये युनिकोडची १३ चिन्हं आहेत आणि ते त्यांच्यापुढची जागा सांगतं. गो म्हणेल २८, कारण तेही पुढची जागा सांगतं पण बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं: ७ चिन्हांचे २१, उरलेल्या ६ रोमन चिन्हांचे ६. चारही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर आहेत. फाइल पूर्ण इंग्रजीत असती तर जावा आणि गो यांचं उत्तर एकच आलं असतं. म्हणूनच इंग्रजी फाइलींवर तपासलेला प्रोग्रॅम मराठी फाइलीवर चुकीची जागा दाखवतो आणि लिहिणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

डोळ्यांना दिसणारं अक्षर हा आणखी वेगळा हिशेब. ‘पुण्याच्या’ या शब्दात वाचणाऱ्याला पु, ण्या, च्या अशी ३ अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती १० चिन्हं आहेत, यूटीएफ-८मध्ये ३० बाइट. मुद्रितशोधकाला ‘कॉलम १०’ म्हटलं तर तो दहावं अक्षर मोजेल आणि पुढच्या तिसऱ्या-चौथ्या शब्दावर जाईल.

आणि ‘वाऱ्यावर’ घ्या. यातला ऱ्य दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, मग य. छापल्यावर दोन्ही सारखेच. मोजल्यावर पहिला शब्द ८ चिन्हांचा, दुसरा ९ चिन्हांचा. २४ बाइट आणि २७ बाइट. त्यात कुणी वाचतानाच मजकुराचं युनिकोड सामान्यीकरण केलं, तर ऱ फुटून र आणि नुक्ता असा होऊ शकतो आणि आकडे परत बदलतात. नियम असा निघतो: जागा आधी टिपायची, मजकुरावर कोणतीही स्वच्छता नंतर करायची. हा क्रम उलटला की जागा नेमकी राहत नाही.

देवनागरीत निदान एवढी सोय आहे की युनिकोडचं चिन्ह मोजा किंवा यूटीएफ-१६चं एकक मोजा, आकडा एकच येतो. मोडीत तेही नाही. मोडी लिपी २०१४मध्ये युनिकोड ७.०त आली आणि तिला जागा मिळाली ती मूळ ६५ हजारांच्या पट्ट्याबाहेर. म्हणून मोडीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ४ बाइटांचं आणि यूटीएफ-१६मध्ये २ एककांचं होतं. जावा, डॉटनेट आणि जावास्क्रिप्ट आतून यूटीएफ-१६वर चालतात. पुण्यातल्या दफ्तरांत मोडीचे कागद किती आहेत हे इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको. त्यांचं लिप्यंतर मोडी आणि देवनागरी शेजारी ठेवून एक्सएमएलमध्ये करायचं झालं, तर ‘कॉलम’ म्हणजे काय हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं लागेल. संपादक प्रोग्रॅमांशी बोलणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल वर्षानुवर्षं यूटीएफ-१६चीच मोजणी धरत होता, ३.१७ या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना एकक ठरवून घेता येतं. उशिरा आली तरी ही फार मोठी सोय आहे.

काही नोडांना मूळ जागा नसतेच, किंवा एकाहून अधिक जागा असतात. डीटीडीने (फाइलीच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या भागाने) गुणधर्माचं डिफॉल्ट मूल्य दिलं असेल तर तो गुणधर्म झाडात दिसतो, फाइलीत सापडत नाही. एंटिटी वापरली असेल तर मजकूर एका ठिकाणी लिहिलेला असतो आणि दहा ठिकाणी उमटतो. चूक सांगताना जागा कुठली द्यायची, वापराची की व्याख्येची? मला वाटतं दोन्ही सांगाव्यात, व्याख्येची आधी. विंडोजमधल्या फाइलीत ओळीचा शेवट दोन चिन्हांचा असतो, आणि एक्सएमएलचा नियम पार्सरला ती दोन चिन्हं एक करून द्यायला सांगतो. त्यामुळे मिळालेल्या मजकुरातलं शंभरावं चिन्ह फाइलीतही शंभरावंच असेल असं धरून चालत नाही. अँपरसँडची पाच चिन्हं मजकुरात एक होतात. मजकुराच्या नोडच्या आतला शब्द शोधायचा असेल तर नोडची सुरुवात कळून भागत नाही. कुठे किती चिन्हं आकसली याचा तक्ताच ठेवावा लागतो.

वर्डच्या फाइलीत याहून एक अडचण. परिच्छेद सलग एका नोडमध्ये नसतो, तो ‘रन’ नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. मध्येच ठळक केलं, शुद्धलेखन तपासणीने खूण टाकली, नंतरच्या बैठकीत दोन अक्षरं बदलली, की तुकडा पडतो. एकच शब्द दोन किंवा तीन तुकड्यांत असणं रोजचं आहे. अशा शब्दाची जागा म्हणजे एक पट्टा नव्हे, पट्ट्यांची यादी. ‘शोधा आणि बदला’ करणारे घरगुती प्रोग्रॅम इथेच काही शब्द गाळतात.

झाडावर पुढे प्रक्रिया झाली की नातं आणखी लांबतं. एक्सएसएलटीने एका झाडातून दुसरं झाड काढलं तर नव्या नोडला जुनी ओळ आपोआप चिकटत नाही. सॅक्सन या एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ओळींची नोंद चालू करून ती विचारण्याचं जादा फंक्शन आहे, पण ते त्याचं स्वतःचं आहे, प्रमाण नाही. जावामध्ये डॉमचं झाड देऊन स्कीमा तपासणी केली तर चूक सांगणाऱ्या संदेशात ओळ -१ येते. तीच फाइल थेट दिली तर खरी ओळ येते. म्हणून तपासणी नेहमी फाइलीवर करावी. स्कीमाट्रॉनच्या अहवालात ओळ नसते, तिथे एक्सपाथ असतो: अमुक प्रकरणातला अमुकावा परिच्छेद. मला हा पत्ता माणसाला जवळचा वाटतो. ओळी नव्याने पाडल्या, फाइल सुबक मांडली, तरी तो टिकतो. मात्र वर एक परिच्छेद वाढला की तोही हलतो.

जिथे नोंदींना कायमची ओळख असते तिथे ती वापरणंच उत्तम. बुधवार चौकात पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ साली सुरू झालेलं. इतक्या जुन्या ग्रंथालयाच्या नोंदी मार्कएक्सएमएलमध्ये आणायच्या झाल्या तर चुकांचा अहवाल ओळीने देण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीला ००१ या क्षेत्रात नियंत्रण क्रमांक असतो. ग्रंथपालाला तो क्रमांक आणि पुस्तकाचं नाव दिलं की पुरतं. ओळ प्रोग्रॅमरसाठी सोबत ठेवावी.

इतक्या पर्यायांतून प्रकाशकाच्या कामासाठी मी काय निवडेन ते सांगतो. प्रत्येक नोडमागे दोन आकडे: सुरुवातीचा बाइट आणि शेवटचा बाइट. सोबत झिपमधल्या कोणत्या फाइलीतला तो, हे. ओळ आणि कॉलम साठवायचेच नाहीत. माणसाला दाखवायच्या क्षणी फाइलीवरून मोजायचे, आणि कोणत्या एककात मोजले ते संदेशातच म्हणायचं. प्रत्येक आकडा ८ बाइटांचा धरला तर एक लाख नोडांच्या पुस्तकाला १६ लाख बाइट, म्हणजे दीड एमबीच्या आसपास. आजच्या कोणत्याही यंत्राला हे ओझं नाही. आणि मुद्रितशोधकाकडे जाणाऱ्या यादीत आकड्यांच्या आधी चुकीच्या मागचे-पुढचे चार-चार शब्द द्यायचे. ते शब्द वर्डमध्ये शोधले की जागा सापडते, एक्सएमएल काय असतं हे त्याला ठाऊक नसलं तरी.

एका कामात मात्र कोणतीही तयार प्रोग्रॅम-लायब्ररी साथ देत नाही, आणि मराठी प्रकाशनासाठी तेच सगळ्यांत निकडीचं आहे. युनिकोडपूर्व काळातली हजारो मराठी पुस्तकं श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. त्या फाइलींत देवनागरीची चिन्हं नाहीत, रोमन चिन्हांच्या जागी बसवलेले अक्षरांचे आकार आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना क्रमही बदलतो. ‘कि’मधली वेलांटी जुन्या फाइलीत कच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘अर्थ’मधला रफार जुन्या फाइलीत थच्या नंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे नव्या मजकुरातलं पाचवं चिन्ह जुन्या फाइलीतल्या सातव्यातून आणि सहावं पाचव्यातून आलेलं असू शकतं. रूपांतरात एखादं जोडाक्षर फुटलं तर ते मुळात काय होतं हे बघायला जुन्या फाइलीतली नेमकी जागा लागते, आणि बहुतेक रूपांतरक ती ठेवत नाहीत. मजकूर आत घेतात, मजकूर बाहेर देतात.

हे करता येण्याजोगं आहे. चिन्हाला चिन्ह जुळवायचा हट्ट सोडून अक्षराला अक्षर जुळवावं: जुन्या फाइलीतला एका पूर्ण अक्षराचा बाइटपट्टा, नव्या मजकुरातला त्याच अक्षराचा पट्टा, अशा जोड्यांची यादी. अक्षराच्या आत क्रम उलटतो, अक्षराअक्षरांचा क्रम उलटत नाही, त्यामुळे यादी सरळ पुढे जाते आणि तिच्यात शोधणं सोपं राहतं. जुन्या पुस्तकांच्या रूपांतराचं काम बाहेर देणाऱ्या प्रकाशकाने युनिकोड फाइलीबरोबर ही यादीही मागून घ्यावी.